पाच नंबरचा जोड

आमच्या लालबागच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत, माझ्या शेजारच्या गाळ्यात लोकरीचे बूट बनतात, थंड देशांत पाठवायला. तिथले मशीनवाले काका चपला दाराबाहेर काढूनच मशीनपाशी जातात. आधी ते कापड गिरणीत होते, तिथे लागलेली सवय. दिवसभर बुटांत वावरणारा माणूस अनवाणी, याची मला गंमत वाटायची.

मशीन म्हणजे पायाच्या आकाराचे दोन तापलेले फर्मे. काका त्यांवर ओल्या लोकरीची पिशवी चढवतात, दांडा खाली ओढतात, फस्सकन वाफ येते आणि पिशवीचा बूट होतो. तो उतरवला की लगेच आत हात घालून चाचपतात. म्हणतात, "गाठ रवली तर पायाक टोचता."

पाच नंबरच्या जोडाला मात्र त्यांना फार वेळ लागतो. चाचपून झालं तरी पुन्हा चाचपतात. एकदा न राहवून मी विचारलं, "काका, पाच नंबरचा फर्मा बिघडलाय का?"

"नाय गो. चेडवाचो नंबर तो."

त्यांची मुलगी लग्न होऊन कॅनडाला गेलीय, आणि या बुटांचे खोके तिकडेच जातात, हे मला तेव्हा कळलं.

"मग पाठवा की तिला एक जोड!"

"इचारलंय मी. म्हणता, बाबा, नको, हय सगळा मिळता."

काका हसले आणि त्यांनी दांडा ओढला. बूट उतरला, पाच नंबरचाच. त्यांनी आत हात घातला. चाचपणं केव्हाच झालं होतं, पण बूट गार होईपर्यंत हात काही बाहेर आला नाही.