गिअरचा दांडा खाली आणला तेव्हा

वडील गिरगावातल्या एका डॉक्टरांची गाडी चालवत. संयुक्त महाराष्ट्राच्या एका मोर्चात त्यांच्या डाव्या खांद्यावर लाठी बसली आणि तो हात छातीच्या वर जाईना. गाडीच्या गिअरचा दांडा वर स्टिअरिंगलगत, म्हणजे दर वेळी तोच हात उचलायचा. खांद्यावर उपचार डॉक्टरांनीच केले होते, त्यामुळे त्यांना सगळं ठाऊक होतं. ते म्हणाले, "दसऱ्यापर्यंत थांबतो. मग मला दुसरा माणूस बघावा लागेल."

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. वडिलांची नोकरी गेली तर माझं कॉलेज सुटणार, हे घरात सगळे जाणून होते.

लालबागला आमच्या गावच्या एका मिस्त्रींचं गॅरेज होतं. त्यांनी वडिलांचा हात धरून हळूहळू वर नेऊन पाहिला.

"तुझो हात वर जाणा नाय, तर दांडो खाली हाडूया."

"साहेबांची गाडी हा ती. माझी बैलगाडी नाय."

"मगे साहेबाक इचार."

डॉक्टरांना वेगाची हौस होती, ते कबूल झाले. अपघातात मोडलेल्या एका दोन सीटच्या स्पोर्ट्स गाडीची गिअरबॉक्स मिस्त्रींकडे पडून होती. तिचा दांडा गाडीच्या तळातून वर यायचा, आणि एका गिअरपासून दुसऱ्यापर्यंत वेगाचा फरक थोडा असल्याने चढावर गाडी दम टाकत नसे. मिस्त्रींनी तळाचा पत्रा कापला, मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट तोडून पुन्हा जोडून घेतला. वडिलांचा हात आता मांडीशेजारी ठेवल्या ठेवल्या दांड्यावर पडू लागला. ते परळपर्यंत गाडी चालवून आले, तेव्हा मिस्त्री विडी पेटवायला गेले.

गॅरेजची गल्ली अरुंद. तिथे गाडी मागे घ्यायची ती सगळ्यांनी हातांनी ढकलून, हीच रीत. मीही ढकलली होती. त्यामुळे रिव्हर्स घालून पाहायचं कुणाच्याच मनात आलं नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी डॉक्टर गाडी पारखायला मागच्या सीटवर बसले, मी वडिलांशेजारी. वाळकेश्वरचा चढ गाडी झरझर चढली. "छान," डॉक्टर म्हणाले. मग एका बंगल्याच्या उतरत्या वाटेवर गाडी मागे घ्यायची वेळ आली. या गिअरबॉक्समध्ये रिव्हर्ससाठी दांडा आधी जोराने वर उचलावा लागे. वडिलांनी उचलायला पाहिलं, पण खांद्याचा जोर पुरेना, दांडा हलला नाही. पुन्हा प्रयत्न केला. उजवा हात हँडब्रेकवर, त्याचा खटका झिजलेला, सोडला तर गाडी घसरणार.

मी हात पुढे केला.

"तू उतर," डॉक्टर म्हणाले. "मागे बस."

मी उतरलो. सगळं संपलं असं मला वाटलं. वडिलांकडे बघायचं धैर्य झालं नाही. डॉक्टर उतरून पुढे आले, वडिलांशेजारी बसले आणि दांडा उचलून रिव्हर्समध्ये टाकला.

"हं. घ्या मागे."

वडिलांनी समोरच बघत क्लच सोडला.

दसऱ्यानंतर डॉक्टरांच्या पेशंटांकडच्या फेऱ्या पुन्हा सुरू झाल्या. पहिल्या दिवशी वडील उशिरा घरी आले. जेवताना मान खाली घालून म्हणाले, "आज पण साहेब पुढेच बसले. रिव्हर्स त्यांनीच घातला."

आईने त्यांना भात वाढला. मी दप्तरातून उद्याचं पुस्तक काढलं.