माईकची मागची बाजू

वडगाव रासाईचा भैरू दौंडला रेल्वेत इलेक्ट्रिक फिटर आहे. आठवडाभर क्वार्टरमध्ये राहतो आणि रविवारी गावी येतो, तो बिरोबाच्या देवळात ओव्या गायला. गातो त्याचा मेव्हणा संपत. भैरू त्याच्या समोर बसून झील धरतो, म्हणजे संपतची ओळ संपली की ती उचलून पुन्हा गातो. शाळेत दोघं माझ्याच हाताखाली शिकले. कविता आधी पाठ व्हायची भैरूची, पण म्हणायला उठायचा संपत.

दोन वर्षांमागं संपतच्या हर्षदानं स्वस्तातला एक माईक मागवला आणि ती ओव्या यूट्यूबवर टाकू लागली. माईकचं तोंड बापाकडं, पाठ भैरूकडं. माईक ऐकायचा एकाच बाजूचं. त्यामुळं संपतचा आवाज भरदार यायचा आणि भैरूचा विहिरीतून आल्यासारखा.

तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारात लोक संपतला ओळखू लागले. एकदा दोघं मेथी निवडत असताना एका माणसानं भैरूच्या हातात मोबाईल दिला. "पाव्हणं, तेवढा आमचा दोघांचा फोटो काढा."

भैरूनं काढला. फोटोत संपत गळ्यापासून खाली आला.

"माज्या भावावर जळताय तुम्ही," त्याची बायको साखरबाई घरी म्हणाली.

"जळतोय कशाला? माईक वाईट हाय."

"दादाचा आवाज तर चांगला येतोय त्यात."

"तेच म्हणतोय मी."

मग माईक खरखरतोय असं हर्षदाला सांगून तो दौंडला घेऊन गेला. माईक मुळीच खरखरत नव्हता. क्वार्टरवर त्यानं जाळी उघडली. आत रुपयाएवढी चकती, तिला पुढून एक आणि मागून एक असे दोन पातळ पडदे. पुढच्याला वायर जोडलेली, मागचा नुसताच बसवलेला. त्यानं मला लगेच फोन केला. "गुरुजी, ह्याला मागं बी कान हाय. कुणी जोडलाच न्हाई."

त्यानं मागच्या पडद्याला केसाएवढी वायर जोडली आणि मधे छोटं बटन बसवलं. आधी नुसतीच घूं ऐकू आली. बोटांचा तेलकटपणा लागला होता. स्पिरिटनं पुसल्यावर ती गेली. आता बटन बंद असलं की माईक एका बाजूचं ऐकायचा, चालू केलं की चहूबाजूंचं.

रविवारी बटन चालू ठेवून दोघं गायले. गाणं झाल्यावर हर्षदानं तिथंच रेकॉर्डिंग लावलं. भैरूचा आवाज संपतइतकाच जवळून आला. तो मिशीत हसला आणि त्यानं मेव्हण्याकडं बघितलं. थोड्या वेळानं हसू मावळलं. संपतच्या एकाही ओळीचा शेवटचा शब्द पुरा ऐकू येत नव्हता. तो संपायच्या आत भैरू त्यावर येऊन पडत होता. आजवर हे लपलं होतं, कारण रेकॉर्डिंगमध्ये भैरू नीट ऐकूच येत नव्हता.

"मी तर तुजं शेपूट तोडतोय," तो म्हणाला.

"कवापासनं तोडताय, दाजी," संपत म्हणाला. "मला वाटायचं, तुमास्नी दौंडची गाडी गाठायची आसती."

आत्याच्या नवऱ्याला हर्षदा मामा म्हणते. तिनं हळूच विचारलं, "मामा, बटन बंद करून गाता का? मग कुणाला कळायचं न्हाई."

इतक्या खटपटीनं जोडलेला कान भैरूला बंद करवेना.

"चालूच ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "परत गाऊ."

ते पुन्हा गायले. या वेळी भैरू कानावर हात ठेवून थांबला. तो थांबलाय हे बघून संपतनं शेवटचा सूर मुद्दाम लांबवला. तो संपता संपेना. भैरूच्या कपाळाची शीर तटतटली, पण तो हलला नाही. सूर पुरता विरल्यावरच त्यानं ओळ उचलली. इतकी वर्षं मी देवळात दोघांना ऐकतोय, पण ती ओवी तशी पूर्वी कधी ऐकली नव्हती.

आता दर रविवारी बसण्याआधी भैरू बटन तपासतो.

"चालू हाय, दाजी, तुमचं बटन," संपत चिडवतो.

"माज्यासाठी न्हाई बघत," भैरू म्हणतो. "तुजं शेपूट कुठवर जातंय, त्याच्यावर नजर ठेवायची हाय."