कोप्पीकर रोडवरची जावा

क्लासचे किस्से काय, चहा ओतला की निघतातच! दोन हजार सालाच्या आसपास कोप्पीकर रोडवर एका दुकानाच्या माडीवर मी जावा ही कॉम्प्युटरची भाषा शिकवायचो. तेव्हा पोट धरून हसलो, पण आता सांगताना मध्येच थांबायला होतं. बहुतेक किस्से विजयाचेच.

*

विजया कापडदुकानदाराची मुलगी. "जावा शिकायला जाते," म्हटल्यावर तिची आत्या दचकली. "अगं, आधी लग्न तर होऊ दे! मग जावाच तुला शिकवतील!"

*

जावात 'क्लास' म्हणजे एखाद्या प्रकाराचा साचा; एक क्लास दुसऱ्याचा वारसा घेतो, तिथं 'एक्स्टेंड्स' लिहायचं, असं मी सांगितलं. विजयानं फळ्यावर लिहिलं : सून एक्स्टेंड्स सासू!

"अगं, सून म्हणजे सासूचाच प्रकार नव्हे!"

"अजून नव्हे, सर. वीस वर्षं थांबा!"

*

मग आलं ऑब्जेक्टच्या पोटात ऑब्जेक्ट. विद्यार्थ्याकडून पत्ता, पत्त्यातून गाव. मधलंच काही रिकामं असलं की प्रोग्रॅम आडवा! मी तासभर घसा कोरडा केला, कुणाला कळेना.

विजया उठली. "उणकलला मावशीकडं गेलात. मावशीच घरात नाही आणि तुम्ही तिच्या कपाटातली साडी मागताय! आधी मावशी आहे का बघा की!"

सगळ्यांना एका झटक्यात कळलं. पुढं प्रत्येक बॅचला मी तीच मावशी सांगितली, वाहवा घेतली. मावशी कुणाची, ते कधी सांगितलं नाही.

*

बेंगळुरूच्या एका कंपनीनं तिला निवडलं. तिचे अप्पा क्लासमध्ये आले, खुर्चीच्या टोकावर बसले.

"सर, पोर एकटी राहणार. पाठवू का? तुम्ही म्हणाल तसं."

'पाठवा' एवढंच म्हणायचं होतं. पण मला नव्या बॅचला शिकवायला माणूस हवं होतं.

"घाई कशाला, अप्पा? वर्षभर इथंच शिकवू दे की."

अप्पांचा जीव भांड्यात पडला. विजया दारातच उभी होती. "बरं, सर," म्हणाली आणि लॅबमध्ये गेली.

वर्ष भरायच्या आत लग्न होऊन ती धारवाडला, मळमड्डीत गेली. नोकरीचं पुन्हा कुणी काढलं नाही. मीही नाही.

*

पाच-सहा वर्षांनी ती नणंदेला घेऊन आली. मुलगी नुकतीच बी.एस्सी. झालेली, हुशार. फॉर्म विजयानंच भरला.

मी म्हटलं, "सासऱ्यांना एकदा भेटायला सांग. हिच्या पुढच्या नोकरीबिकरीचं बोलतो त्यांच्याशी."

तिनं पेनाला टोपण लावलं.

"तुम्ही फक्त शिकवा, सर. पुढचं त्यांच्याशी मी बोलते."