फ्लेक्सवरची मिशी

आमच्या कोहिनूर गावचा रत्नपाल पोलिसात होता, पण त्यानं चोरांपेक्षा शेळ्याच जास्त पकडल्या. हुमनाबादच्या हायवेवर त्याची ड्युटी. लॉरीतून सांडलेल्या मक्याकडे शेळ्या धावल्या की तो एकेक काखोटीला मारून रस्त्यापलीकडे सोडायचा. लॉरीवाल्याला कन्नडमध्ये दम द्यायचा, तो हैदराबादचा निघाला तर दख्खनीत गोंजारायचा, शेळीशी मात्र निव्वळ मराठीत बोलायचा. त्याची लाठी फक्त चिंचा पाडायच्या कामी आली.

गेल्या साली धुक्यात बंद पडलेल्या बसमधली माणसं तो रस्त्याबाहेर काढत होता. मागून टँकर आला. माणसं वाचली, रत्नपाल गेला.

पहिल्या स्मृतिदिनाला गावानं फ्लेक्स लावायचं ठरवलं. काम त्याचा वर्गमित्र व्यंकट याच्याकडं. रत्नपालची बायको पंचशीला त्या फ्लेक्सकडं डोळे लावून बसली होती. धाकटी रूपाली बापाचं तोंड विसरत चालली होती. चौकात एवढा मोठा बाप दिसला तर पोरीच्या मनात बसेल, एवढीच तिची आस.

सकाळी फ्लेक्स चढला. पोरीनं वर पाहिलं आणि आईच्या पदराआड शिरली.

"आई, ह्यो चोर हाय."

वर काळा चष्मा, कमरेला पिस्तूल, खांद्यावर तारे आणि झुपकेदार मिशी.

"व्यंकटअण्णा, ह्यो कोण?" पंचशीलानं विचारलं.

"आपला रत्नपालच की, वैनी."

"त्यास्नी मिशी कवा होती?"

"त्याचं काय झालं," व्यंकट डोकं खाजवत म्हणाला, "एकाबी फोटोत तोंड मिटलेलं न्हाई त्याचं. सगळीकडं दात काढायलाय आन् डोळे बंद. फ्लेक्सवाला म्हणला, शहीद माणूस असा हसायलाय बरं दिसत न्हाई. त्यानं दातावर मिशी लावली, डोळ्यावर चष्मा. वर्दी-पिस्तुलाचं अंग तर तयारच असतंय त्यांच्याकडं."

"मग त्यांचं काय ठेवलाव?"

"कान त्याचेच हाईत, वैनी. कपाळबी."

"कानाला हार घालू का मी?"

ती तडक घरी गेली आणि भिंतीवरचा फोटो घेऊन आली. वर्दीतला रत्नपाल, काखेत करडू, आणि दोघांचीही तोंडं उघडी.

"वैनी, ठाण्याचे साहेब यायलेत. शेळीसकट कसं ठेवावं?"

"तिला उतरवायला तुमीच सांगा त्यास्नी," ती फोटोकडं बोट करून म्हणाली.

व्यंकटनं खुर्ची आणली. खुर्चीवर फोटो ठेवला, मेणबत्त्या लागल्या. साहेब आले, फोटो पाहून घटकाभर थबकले, मग टाच आपटून सॅल्यूट ठोकला. मागच्या शिपायांनीही ठोकला. करडाला एवढा मान आमच्या तालुक्यात आजवर मिळालेला नाही. पंचशीलानं हार घातला तो दोघांच्या गळ्यात मिळून आला.

मग सगळे शांतता पाळायला उभे राहिले. वाराही हलका झाला होता. रूपाली खुर्चीजवळ सरकली आणि फोटोला नाक लावून उभी राहिली.

"आई, बाबाला हितला दात न्हाई."

"शूऽऽ," व्यंकट म्हणाला.

"कामून न्हाई?"

पंचशीला तिच्याजवळ उकिडवी बसली.

"ज्वारीच्या कणसाला हुरडा समजून चावले. ते वाळलेलं होतं. पडलेला दात खिशात घालून घरी आले, आन् मलाच म्हणले, तू रडू नको."

साहेबांनी खाली घातलेली मान वर केली नाही, पण त्यांचे खांदे हलत होते.

"मग?" रूपालीनं विचारलं.

आणि पंचशीला पुढं सांगू लागली.