दर महिन्याचे पंचवीस डॉलर

मिस व्हर्ना स्टिडम आमच्या केंटकीच्या डोंगरात शाळेची बस चालवतात. बावीस वर्षं झाली. माझी लेक टेसा पहाटेच्या अंधारात त्या बसमध्ये चढते, तेव्हा मी बसचे दिवे वळणाआड जाईपर्यंत दारात उभी असते. एखाद्या दिवशी बसवर दुसरंच कुणी असलं, तर टेसा घरी परत येईपर्यंत माझं कशात लक्ष लागत नाही. मुलं व्हर्नांना घाबरतात आणि त्यांच्यामागच्या बाकासाठी भांडतात.

नवरा गेल्यापासून त्या एकट्याच राहतात. पगार हा एकच आधार.

दोन वर्षांपूर्वी त्यांचं पित्ताशय काढावं लागलं. एक रात्र हॉस्पिटलात काढली. विम्याने आपला वाटा दिला आणि उरलेले अकरा हजार चारशे डॉलर त्यांच्या नावावर आले. बिलात एवढा एकच आकडा. कशाचे किती, काही नाही.

अशा वेळी काय करायचं ते आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक असतं. दर महिन्याला जमेल तेवढं पाठवत राहायचं. मग हॉस्पिटलवाले तुम्हाला हात लावू शकत नाहीत. खाणीत राबलेल्या बापांनी हे मुलांना सांगितलं, माझ्या आईने मला. व्हर्ना दर एक तारखेला पोस्टातून पंचवीस डॉलरची मनी ऑर्डर करायच्या, सोबत एक चिठ्ठी: ‘या महिन्याचे पंचवीस. आभारी आहे.’ एकही महिना चुकला नाही.

मी शाळेच्या ऑफिसात काम करते. ऑक्टोबरात त्या एक पाकीट घेऊन माझ्या टेबलाशी आल्या.

“पोरी, तू कॉलेज केलंयस. हे वाच जरा. पगारातून कसलीशी कपात म्हणतात. कुणाची तरी चूक झाली असेल.”

मी वाचलं. चूक नव्हती. हॉस्पिटलने लावलेल्या दाव्यात कोर्टाचा हुकूम होता. बिल फिटेपर्यंत दर पगारातला चौथा हिस्सा कापून जाणार होता.

“मिस व्हर्ना, कोर्टाचं बोलावणं आलं होतं का तुम्हाला?”

“आलं होतं की, एप्रिलात. सकाळी नऊला या म्हणे. नऊला मी बस झाडत असते.”

“गेला नाहीत?”

“कशाला जाऊ? पैसे बुडवतात ते जातात कोर्टात. मी भरतेय.” त्यांनी पिशवीतून बुटांचा खोका काढून टेबलावर ठेवला. आत मनी ऑर्डरच्या सगळ्या पावत्या, महिन्यांप्रमाणे रबर लावलेल्या.

मी हॉस्पिटलला फोन लावला. पलीकडची बाई सौम्य आवाजात बोलत होती, त्यामुळे भांडताही येईना.

“पैसे घेतले म्हणजे हप्ता मान्य केला असं होत नाही, मॅडम.”

“बरं, अकरा हजार कशाकशाचे ते तरी सांगा.”

“तपशील मागितला असता तर दिला असता. आता खातं वसुलीवाल्यांकडे आहे.” मग कागद चाळल्याचा आवाज आला. “यांचा पगार पाहता मदतीचा अर्ज केला असता, तर बहुधा सगळंच माफ झालं असतं. पण तो पहिल्या बिलापासून आठ महिन्यांच्या आत करायचा असतो.”

“हे यांना सांगितलं कुणी?”

“बिलाच्या मागे छापलेलं असतं, मॅडम.”

व्हर्नांनी खोक्याच्या तळातून पहिलं बिल काढलं आणि उलटं केलं. फिकट, बारीक अक्षरांत सगळं होतं.

“मी जन्मभर पुढची बाजूच भरत आले,” त्या म्हणाल्या. “मागे असतं होय?”

मी तालुक्याच्या गावातल्या फुकट सल्ला देणाऱ्या वकिलालाही विचारलं. त्याने खोका पाहिला आणि म्हणाला, हा घेऊन त्या दिवशी कोर्टात नुसत्या उभ्या राहिल्या असत्या, तरी काही बोलता आलं असतं. आता फार काही हातात नाही. व्हर्नांनी त्याचे आभार मानले.

घरी आल्यावर मी स्वयंपाकघरातला खण उपसला. टेसाच्या कानाच्या ऑपरेशनचं बिल. मीही महिन्याला पंधरा डॉलर पाठवत होते, निर्धास्त. बिल उलटं केलं आणि महिने मोजले. सातवा चालू होता.

एक तारखेला मदतीचा अर्ज घेऊन पोस्टात गेले, तर रांगेत पुढे व्हर्ना. हातात पंचवीस डॉलर.

“आता कशाला?” मी हळूच म्हटलं. “ते पगारातूनच घेतायत ना?”

“ते घेतात ते त्यांचं. हे माझं. आज बंद केलं तर म्हणतील, बघा, हिला द्यायचेच नव्हते.” त्यांची नजर माझ्या पाकिटावर गेली. “टेसाचं?”

मी मान हलवली.

“तारीख नीट बघितलीस ना, पोरी?”

दोनदा बघितली, म्हटलं. त्यांनी खिडकीवरचं साखळीला बांधलेलं पेन घेतलं आणि गोल, नीटस अक्षरांत चिठ्ठी लिहायला घेतली. या महिन्याचे पंचवीस.