सावकाश जेवणाऱ्यांचे टेबल

जहाजावर चढण्यापूर्वी आम्हाला एका प्रश्नाचे उत्तर द्यायचे होते आणि ते आमच्या वतीने माझ्या मुलीने पुण्यात बसून देऊन टाकले होते. रात्रीचे जेवण कसे हवे, 'ट्रॅडिशनल' की 'फ्लेक्सिबल'? पहिल्या प्रकारात वेळ ठरलेली, टेबल ठरलेले, शेजारी बसणारी माणसे आणि वाढणारा वेटरही रोज तोच. दुसऱ्यात मनाला येईल तेव्हा जायचे, जागा मिळेल तिथे बसायचे, जो येईल तो वाढेल. मुलीने विचार केला की बाबा बुजरे, आत्या आजारी, रोज नव्या माणसांना तोंड देण्यापेक्षा ओळखीचे टेबल बरे. तिने पहिला प्रकार निवडला, त्यातही संध्याकाळची लवकरची पाळी. ती आणि जावई आमच्यासोबत येणार होते. ऐन वेळी जावयांची रजा नामंजूर झाली, आणि अर्जुनी मोरगावहून निघालेले आम्ही दोघेच, मी आणि माझी थोरली बहीण, गोंदियाला गाडी बदलून मुंबईच्या धक्क्यावर येऊन उभे राहिलो.

थोरल्या बहिणीला आमच्याकडे बाई म्हणतात. मेहुणे वारल्यावर बाई माझ्याकडे राहायला आली. माझी पत्नी त्याआधीच वारली होती. कनिष्ठ महाविद्यालयातून निवृत्त झाल्यावर माझ्या घरात बोलणारे कोणी उरले नव्हते आणि बाई दोन माणसांइतके बोलते. पुढे तिला अर्धांगाचा झटका आला. हातपाय बऱ्यापैकी सावरले, तोंडाची डावी बाजू मात्र सावरली नाही. घास त्या गालात साचून राहतो. जिभेने तो उजवीकडे आणायचा, मग गिळायचा, मग चमचा खाली ठेवून थोडे थांबायचे. एवढ्याशा भाताला तिला तासभर लागतो. तो तास मिळाला तर ती पोटभर जेवते, नाही मिळाला तर अर्ध्यावर उठते. गेले वर्षभर ती बहुतेक वेळा अर्ध्यावरच उठत होती. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या होत्या, आणि गोंदियाच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितले होते की औषधांपेक्षा आता जेवणाकडे बघा.

ती अर्ध्यावर का उठते हे मला ठाऊक होते. आमच्याच तालुक्यातल्या प्रतापगडाच्या बाजूला एका नात्यातल्या लग्नात आम्ही पंगतीला बसलो होतो. आमच्याकडे अजूनही शेवटच्या माणसाचे होईपर्यंत पंगत उठत नाही. बाईने उभ्या आयुष्यात अशा कितीतरी पंगती वाढल्या होत्या, आणि मधेच उठणाऱ्याला ती हाताला धरून खाली बसवत असे. त्या दिवशी सगळी रांग हात वाळवत तिच्यासाठी बसून राहिली. पुढच्या पंगतीची माणसे आमच्या पाठीशी येऊन उभी होती. बाईने निम्मा भात पानात ठेवला, पदराने तोंड झाकले आणि उठली. त्यानंतर ती कोणाकडे जेवायला गेली नाही. घरीही, माझे जेवण आटोपले की पाच मिनिटांत तिचे आटोपत असे.

म्हणून मी तिच्या ताटासमोर बसून राहू लागलो, माझे संपले तरी संपले नाही असे दाखवत. हे सोपे नसते. दिवसातून दोनदा तास तास पोळीचा एक तुकडा बोटांत धरून बसणे, हे मी ज्याला सांगेन त्याला किरकोळ वाटेल. एकदा मी वर्तमानपत्र उघडले तर ती म्हणाली, "पेपर वाचाचा असन तं ऊठ बाबू. मी काही परीक्षेले बसली नाही का तू पहारा देऊन राहिला." मी पेपर घडी करून ठेवला. समुद्र पाहणे ही तिची हौस होती. मला या सहलीकडून एवढेच हवे होते की तिने काही दिवस पोटभर जेवावे, आणि शक्य झाले तर एखाद्या संध्याकाळी तिच्या जेवणाची काळजी दुसऱ्या कोणी करावी.

समुद्र तिने वरच्या मजल्यावरच्या कठड्याला धरून बराच वेळ न्याहाळला. आमचे पूर्वज तळी खोदून त्यांना बांधाची पाळ घालणारे, पाण्याकडे बघण्याची आमची एक घरगुती रीत आहे. "येवढं पानी," ती म्हणाली, "अन् पाळ कुठीच नाही. याले राखते कोन?" मी तिला जेवणाची वेळ झाल्याची आठवण करून दिली.

टेबल सहा जणांचे होते. आमच्या समोर रायपूरचे एक वृद्ध जोडपे होते, आणि कडेला नाशिकचे नवे लग्न झालेले जोडपे. वेटर सौम्य चेहऱ्याचा होता. मी खालच्या आवाजात त्याला सांगितले की वरण पातळ हवे, पाण्यात बर्फ नको, आणि चमचा खाली ठेवला तरी ताट उचलू नये. दुसऱ्या संध्याकाळी त्याला काहीच सांगावे लागले नाही. एवढ्यापुरते मुलीचे म्हणणे बरोबर होते. जे तिच्या ध्यानात आले नव्हते आणि माझ्याही नव्हते, ते असे की अशा टेबलावर सगळ्यांना एकदमच वाढतात. सूप सर्वांचे संपल्याशिवाय भाजी येत नाही, आणि भाताच्या ताटल्या उचलल्याशिवाय गोड येत नाही. शिवाय आमच्यानंतर त्याच टेबलावर दुसरी पाळी बसणार होती. दाराबाहेर माणसे जमू लागली की त्यांचा आवाज आत यायचा.

नाशिकच्या जोडप्याला जेवणानंतर नाट्यगृहातला खेळ बघायचा होता. त्यातली मुलगी फार चांगली होती. पहिल्या दिवशी ती मोबाईलवरचे फोटो बघत थांबली, दुसऱ्या दिवशी तिने हात बाईच्या हातावर ठेवला आणि म्हणाली, "काकू, अगदी सावकाश होऊ द्या. आम्ही थांबतो ना."

बाईने चमचा ठेवला तो पुन्हा उचलला नाही. ताटात भात तसाच होता. वेटरने माझ्याकडे पाहिले आणि मी त्याच्याकडे पाहू शकलो नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी चौकशीच्या खिडकीशी गेलो. वाक्य इंग्रजीत मनाशी जुळवून गेलो होतो आणि रांगेत दोनदा मागे सरकलो, पुढच्यांना आधी जाऊ दिले. खिडकीतल्या तरुणीने बदल करून दिला. फ्लेक्सिबल मिळेल, म्हणाली, पण तुमचे टेबल प्रतीक्षेतल्या लोकांना जाईल, परत मिळणार नाही. कारण विचारल्यावर मी सांगितले की बहिणीला भूक उशिरा लागते. बाईला कळले तेव्हा तिने मला आपादमस्तक न्याहाळले. "मले विचारलं काय तू?" मी म्हणालो, तिथे तुझ्यासाठी कोणी थांबणार नाही. यावर ती काही बोलली नाही, आणि तिचे न बोलणे मला होकारासारखे वाटले.

नव्या हॉलच्या दाराशी एक मुलगी किती जण एवढेच विचारायची. दोघे म्हटले की खांबाआड, स्वयंपाकघराच्या दाराजवळचे छोटे टेबल मिळायचे. तिथे खरोखरच कोणी कोणासाठी थांबत नव्हते. पहिल्या संध्याकाळी मी वेटरला पुन्हा सगळे समजावले, वरण, बर्फ, चमचा. तो हो म्हणाला आणि दुसऱ्या दालनात गेला. त्याच्या जागी दुसरा आला. बाईने घास घेऊन चमचा खाली ठेवला आणि त्याने ताट उचलून नेले. हे इतक्या सहजपणे झाले की आम्ही दोघेही रिकाम्या जागेकडे पाहत राहिलो. मी हाक मारायला हवी होती, पण माझ्या तोंडून हाक निघेपर्यंत तो दारापलीकडे गेला होता. पुढच्या संध्याकाळी वेटर तिसरा होता. मी पुन्हा समजावले, त्याने ऐकले, आणि भाताच्या दुसऱ्या घासानंतर कोणीतरी मागून हात घातला.

"जाऊ दे," बाई म्हणाली. "इथी काही जेवनाले गोडी बी नाही. दोन ढोरं एका गव्हाणीले बांधल्यासारखे आपन बसून राहिलो. तू बोलत नाही, खांब बोलत नाही."

त्या रात्री मी अंथरुणावर पडलो तेव्हा पाय दुखत होते आणि मला घरी जायचे होते. ठरलेल्या टेबलावर ती लाजेने उपाशी राहत होती आणि न ठरलेल्या टेबलावर घाईने. यापेक्षा वेगळा तिसरा प्रकार जहाजाच्या पत्रकात छापलेला नव्हता.

शेवटच्या दिवशी दुपारी डेकवर चहा घेताना रायपूरचे गृहस्थ आणि त्यांच्या पत्नी भेटले. मी नमस्कार करून पुढे सरकणार होतो, ओळख वाढवणे मला जमत नाही. पण ते खुर्ची ओढून बाईजवळच बसले. आमच्या जागी कोणी दोन तरुण व्यापारी आले आहेत, त्यांनी सांगितले, आणि ते सूप येण्याआधीच संपवतात. मग जरा इकडेतिकडे बघून ते बाईला म्हणाले, "बहनजी, आप क्या गईं, मेरा तो खाना ही छूट गया." त्यांची कवळी नवी होती, ती बसत नव्हती. प्रत्येक घास ते कडेने चघळत. "आप थीं तो सब आपको देखते थे. मैं आराम से चबाता था."

त्यांच्या पत्नीने कपाळाला हात लावला. मला वाटले बाई दुखावेल. पण तिचे वाकडे झालेले तोंड आणखी वाकडे झाले. ती हसत होती.

"म्हंजे माझ्या आडोशाने जेवत होते तुम्ही," ती म्हणाली. मग तेच हिंदीत, त्यांना नीट कळावे म्हणून, मोठ्याने. आजूबाजूच्या दोघाचौघांनी वळून पाहिले. त्यांच्या पत्नीलाही हसू आवरेना. बाईने लगेच फर्मान काढले की आज त्यांनी आमच्या हॉलमध्ये यायचे, आमच्यासोबत. तिने मला विचारले नाही, आणि मला वाटते त्यात थोडा हिशेब चुकता केल्याचाही भाग होता.

संध्याकाळी दाराशी अडचण आली. दारावरच्या मुलीने त्यांची कार्डे पाहिली आणि नम्रपणे सांगितले की यांची जागा खालच्या हॉलमध्ये ठरलेली आहे, इथे फक्त फ्लेक्सिबलवाले. आमच्या मागे बरीच रांग होती. रायपूरचे गृहस्थ ओशाळून परत वळू लागले. बाई माझ्याकडे बघत होती. इतर वेळी ती स्वतःच बोलली असती, पण या मुलीशी इंग्रजीत बोलावे लागणार होते. मी मनाशी जुळवलेले काहीच नव्हते. तरी बोललो, आणि अर्धे इंग्रजीत, अर्धे हिंदीत जे बोललो ते मागच्या सगळ्यांना ऐकू गेले असणार.

"माझ्या बहिणीला अर्धांगवायू झाला आहे. तिला जेवायला एक तास लागतो. यांनाही लागतो. हे दोघे एकत्र असले की जेवतात, नाहीतर उपाशी उठतात. आम्हाला चौघांचे टेबल द्या आणि ताटे उचलू नका."

एवढे उघड मी तिच्या आजाराविषयी घराबाहेर कधीच बोललो नव्हतो. बाई जमिनीकडे बघत होती. मुलीने फोनवर कोणाला तरी विचारले आणि मग आम्हाला खिडकीजवळचे टेबल दिले.

जेवण सुरू झाले. बाई आणि ते गृहस्थ समोरासमोर बसले होते आणि दोघांचीही गती सारखीच संथ होती. एक घास, मग विश्रांती. विश्रांतीत बोलणे. त्यांच्या रेल्वेतल्या नोकरीचे, आमच्याकडच्या लाखोळीच्या डाळीचे, कोणत्या सुनेला वरण पातळ जमते याचे. घास तोंडात असताना दोघेही गप्प, आणि त्या गप्पपणात अवघडलेपणा नव्हता. गृहस्थांच्या पत्नीचे आणि माझे जेवण केव्हाच आटोपले होते. भात निम्मा झाला असेल तेव्हा बाईने चमचा खाली ठेवला, आणि सवयीप्रमाणे एक हात मागून पुढे आला.

बाईने आपला पंजा ताटाच्या काठावर ठेवला.

"राहू दे," ती म्हणाली. "जेवून राहिली मी."

वेटरला मराठी कळत होती की नाही कोण जाणे. तो मागे सरला आणि पुन्हा आमच्याकडे फिरकला नाही, तिने भात मागेपर्यंत. हो, तिने दुसऱ्यांदा भात मागितला. रायपूरच्या गृहस्थांनीही मागितला, बहुधा तिची सोबत म्हणून.

हॉल रिकामा होत गेला. आसपासच्या टेबलांवर सकाळच्या न्याहारीचे कप मांडणे सुरू झाले. गृहस्थांच्या पत्नी खुर्चीतच डुलक्या घेऊ लागल्या. मी घड्याळाकडे पाहिले नाही असे लिहायला आवडले असते, पण पाहिले, दोनदा पाहिले. माझी पाठ अवघडली होती, डोळे जड झाले होते, आणि त्या संध्याकाळीही तिच्या जेवणाची वाट पाहणाऱ्यांत मी होतोच. फक्त या वेळी माझ्या बोटांत पोळीचा तुकडा नव्हता. माझे ताट वेटरने केव्हाच नेले होते आणि मी ते नेऊ दिले होते. बाईने उरलेला भात चमच्याने एका बाजूला गोळा केला, वरण ओतले, आणि माझ्याकडे न बघता पुढचा घास घेतला.