गोऱ्ह्यांचं कुंकू

बाबांनी आयटीतली नोकरी सोडून आयर्लंडमध्ये मलिंगारजवळ गुरांचा फार्म घेतला, तेव्हा मी दहा वर्षांची होते. त्या भागात मराठी घर आमचंच. वसुबारसेला आई गोठ्यातल्या एकेका जनावराला कुंकू लावून ओवाळायची आणि त्याच आठवड्यात कत्तलखान्याची लॉरी यायची. लॉरी आली की बाबांना नेमका फोन यायचा, आई देवापुढे जाऊन बसायची. ड्रायव्हरशी बोलायचं मी, गोऱ्हे चढवायचे मी. "तुझं इंग्लिश इथलं आहे ना," बाबा म्हणायचे. गोऱ्ह्यांना मात्र मराठीच कळायचं. माझं "चल रे राजा" ऐकून ते मुकाट चढायचे. त्याआधी मी बाहीने त्यांच्या कपाळावरचं कुंकू पुसायचे. संध्याकाळी आई ती लाल बाही घासून धुवायची. कशाने लाल झाली, हे तिने कधीच विचारलं नाही.